कागदात गुंडाळलेली गोळी

"भोईटे मास्तर, गाडी थांबवा!"

मी स्कूटीवरून ओरडले आणि समोरची पांढरी मारुती गचकन थांबली. इतकी गचकन, की मी तिच्या मागच्या दिव्यावर आदळता आदळता राहिले. गाडी एक निळ्या साडीतल्या बाई चालवत होत्या. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून त्या समोर बघत होत्या, जणू त्यांच्याच हातून काहीतरी घडलं होतं. शेजारच्या सीटवरून मास्तरांनी मान बाहेर काढली.

"काय झालं, वहिनी?"

"सकाळी माझ्याकडून गोळ्या नेल्यात ना? घेतली का त्यातली?"

"न्हाई अजून."

"मग दाखवा. आत्ताच्या आत्ता दाखवा."

फलटणच्या बाजार समितीमागचं ते मैदान. दुपारचे चार वाजले होते. ऊन असं की मैदानात आम्ही तिघं आणि एक गाढव, बाकी कुणी नाही. त्या काळात गावात गाडी शिकायची म्हणजे भोईटे मास्तरांकडेच. त्यांच्या गाडीत डाव्या बाजूला, मास्तरांच्या पायाखाली, वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक होता. शिकणाऱ्याचं काही चुकलं की मास्तर आपल्या बाजूने गाडी थांबवायचे. मघाशीही त्यांनीच थांबवली होती.

ते खाली उतरले. उंच, पोट सुटलेला माणूस, अंगात पांढरा झिरझिरीत शर्ट. शर्टाच्या खिशातून त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात दिली. मी मिलिग्रॅमचा आकडा वाचला. मग पट्टी उलटी करून पुन्हा वाचला. बरोबर होता.

"आणि दुसरी?"

मास्तरांनी एकदा गाडीतल्या बाईंकडे बघितलं, मग पँटच्या खिशातून वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी काढली. मी ती सकाळी माझ्या हाताने बांधली होती. मी कागद उलगडला. तीही बरोबर होती.

"झालं समाधान?" मास्तर म्हणाले. "या महिन्यातली ही तिसरी खेप हाय, वहिनी. पहिल्या बारीला घरी आलात. दुसऱ्या बारीला सलूनमध्ये, माझ्या तोंडाला साबण होता."

 मी स्कूटीला टेकून उभी राहिले.

आता याला सोळा वर्षं झाली. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. दुकानाचं नाव रणवरे मेडिकल, पण फार्मसीचं शिक्षण माझं, भिंतीवर चौकटीत लावलेला परवाना माझ्या नावाचा. माझे यजमान, उद्धव, हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि संध्याकाळी मदतीला बसायचे. वीस वर्षांत माझ्या हातून चुकीची गोळी गेल्याची एकही तक्रार आली नव्हती. आणि तरी आठ महिने झाले होते, माझं डोकं एकच काम करत होतं. मुलीचा होस्टेलवरून फोन आला नाही, म्हणजे तिचं काहीतरी झालं. यजमानांना दहा मिनिटं उशीर झाला, म्हणजे मोटरसायकल घसरली. गॅस चालू राहिला. आणि सगळ्यांत वरचढ भीती ही: पंचवीसच्या जागी पन्नासची गोळी गेली. गिऱ्हाईक पाठमोरं झालं की माझ्या पोटात खड्डा पडायचा, आणि तो माणूस सापडून पट्टी डोळ्यांनी बघेपर्यंत भरायचा नाही. एका आजींच्या स्वयंपाकघरात शिरून मी त्यांचा गोळ्यांचा डबा ताटात उपडा केला होता. त्या बिचाऱ्या मला चहा देत होत्या.

मास्तरांनी गाडीच्या खिडकीत वाकून त्या बाईंना सांगितलं, "मावशी, पहिल्या गिअरमध्ये मैदानाला चकरा मारा. मी हितंच हाय."

"एकटी?" बाईंचा आवाज चिरकला.

"गाढवापासनं लांब राहा, बास."

गाडी हिसके खात निघाली. मास्तर तिच्याकडे पाठ करून माझ्यासमोर लिंबाच्या सावलीत उभे राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "कवापासनं हाय हे?"

"काय कवापासनं?"

"मला इचारताय? मी दोन वर्षं तुमच्याकडनंच ती काळजीची गोळी घेतो. मला ही कळा ओळखू येती."

मी रडले. दुकानातल्या बाईने असं मैदानात उभं राहून गिऱ्हाइकासमोर रडू नये, हे मला रडतानाही कळत होतं. पर्समधून रुमाल काढायला गेले तर हाताला आधी तो लिफाफा लागला. मी तो मास्तरांच्या हातात दिला. परवाना परत करण्याचा अर्ज होता. उद्धव दुसऱ्या दिवशी साताऱ्याला जाऊन तो देणार होते. माझ्या नावाचा परवाना गेला की दुकानाला कुलूप लागणार होतं, पण मला दुसरा मार्ग दिसत नव्हता. जिथे आपण कुणाचा जीव घेऊ अशी रोज भीती वाटते, तिथे रोज जाऊन बसायचं कसं?

मास्तरांनी अर्ज सावकाश वाचला. चष्मा नव्हता, म्हणून हात लांब धरून वाचला.

"औषधपाणी काय केलं का न्हाई, का डायरेक्ट कुलूपच?"

"साताऱ्याला जाते. देवयानी बर्वे म्हणून समुपदेशक आहेत, त्यांच्याकडे. सहा वेळा गेले."

"काय करायला सांगतात?"

"भीती वाटली की वहीत लिहायची. 'अमक्याला चुकीची गोळी गेली' असं. मग त्याला पुरावा काय आहे, ते तिच्यासमोर लिहायचं. आणि त्या माणसाच्या मागे जायचं नाही. अर्धा तास नुसतं थांबायचं. भीती आपोआप उतरते म्हणतात."

"उतरती का?"

"मला थांबताच येत नाही, मास्तर. वही उघडेपर्यंत माझी स्कूटी चालू झालेली असते."

मास्तर मोठ्याने हसले. मलाही रडता रडता हसू आलं. तिकडे मारुती मैदानाच्या टोकाला वळत होती. मास्तरांनी वळून बघितलं नाही, पण त्यांच्या कानशिलावरून घामाची धार उतरताना मला दिसली.

"माझं तुमच्या उलटं," ते म्हणाले. "मी आधी गोळी घेतली. त्याच्याआधी माझा पाय सारखा ब्रेकवर. नुसता ठेवलेला न्हाई, दाबलेला. दोनशे फुटांवर कुत्रं दिसलं की दाब, लांबनं सायकल आली की दाब. लोकांना तीन-तीन महिने गाडी येईना. एक जण तर म्हणला, मास्तर, तुमची गाडीच लई जड हाय."

"मग?"

"मग डॉक्टरनी गोळी दिली. पहिले दहा दिवस नुसती मळमळ. महिन्याभरानं पाय सैल झाला. वाटलं, सुटलो. पण ब्रेक कवा दाबायचा आणि कवा न्हाई, ते काय गोळी सांगत न्हाई. ते शिकायला बोलायला गेलो, अकरा बुधवार. तिथल्या बाईंनी सांगितलं, रिकाम्या मैदानात शिकणाऱ्याला एकटं सोडा आणि पाठ करून उभं राहा. पहिल्या दिवशी मी तीन मिनिटांत गाडीमागं पळालो होतो. शिकणारा घाबरून गाडी सोडून पळाला."

"आणि आता?"

"आता उभा हाय की. घाम येतो. पण उभा हाय."

मी त्यांना तोच प्रश्न विचारला, जो लोक दुकानात मला विचारायचे. "मग दोन्हींत चांगलं कुठलं? गोळी का बोलणं?"

"ते तुम्ही सांगायचं का मी? शिक्षण तुमचं." मग जरा थांबून म्हणाले, "माझ्या बहिणीचं नुसतं बोलून भागलं. आमच्या साडूचं नुसत्या गोळीवर. मला दोन्ही लागलं. पण एक सांगतो, लई घाबरलेल्या माणसाला शिकवता येत न्हाई. आधी त्याचं हातपाय कापायचं थांबायला लागतं."

बर्वे मॅडम चौथ्या भेटीत हेच बोलल्या होत्या, त्यांच्या भाषेत. त्या म्हणाल्या होत्या, "सुनीतीताई, तुमचं मन आत्ता इतकं धावतंय की मी सांगते ते करायला त्याला उसंतच नाही. डॉक्टरांना भेटा. गोळी चालू करा, आपलं बोलणंही चालू ठेवू. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत." मी तीही गोष्ट केली होती. डॉक्टरांना भेटले होते. चिठ्ठी घेतली होती. तसं मास्तरांना सांगितलं.

"मग गोळी कुठं हाय?" मास्तरांनी विचारलं.

"पर्समध्ये."

"कवापासनं?"

"अकरा दिवस."

"आणि घेतली न्हाई."

"मळमळ होते. डोकं दुखतं. तोंडाला कोरड पडते. काही जणांना आधी घालमेल वाढते..."

"आणि दुकानात कुणी हे इचारलं तर काय सांगता?"

"सांगते, आठ-दहा दिवसांत जातं. महिनाभर धीर धरा. मनाने बंद करू नका."

"मंग?"

 खरं कारण मळमळ हे नव्हतंच. बोलायला जाणं मला चालत होतं, कारण ते सल्ला घेण्यासारखं होतं. शहाणी माणसंही सल्ला घेतात. गोळी घेतली की मी आजारी, आणि तोही हा आजार. ही गोळी घेणारी माणसं मी वीस वर्षं काउंटरच्या पलीकडे बघत आले होते. मला काउंटरच्या अलीकडेच राहायचं होतं. एवढं सगळं मी मास्तरांना सांगितलं नाही. नुसती पर्समधून पुडी काढून दाखवली. मी ती साताऱ्याच्या एस.टी. स्टँडजवळून घेतली होती, माझ्या दुकानात हीच गोळी खोक्याने पडलेली असताना. तिथल्या दुकानदाराने चिठ्ठी वाचली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि मी न सांगता पट्टी कागदात गुंडाळून, काउंटरच्या खालच्या अंगाने माझ्या हातात सरकवली. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मास्तरांनी माझ्या पुडीकडे बघितलं. मग आपल्या पुडीकडे. दोन्ही सारख्याच, वर्तमानपत्राच्या.

"वहिनी, एक इचारू? दोन वर्षं इचारीन इचारीन म्हणतोय."

"विचारा ना."

"बीपीची गोळी तुम्ही मला अशीच देता. उघडी, हातात. हिलाच कागद का गुंडाळता? मी तर कधी सांगितलं न्हाई."

"तुम्हाला अवघड वाटू नये म्हणून," मी लगेच म्हणाले. हे उत्तर माझ्यापाशी तयारच होतं. मी किती जणांची अशी काळजी घेतली होती! दुपारी दुकान शांत असलं की मी वर्तमानपत्रांचे चौकोन कापून ठेवायचे. बायकांच्या वस्तूंसाठी, आणि या गोळ्यांसाठी. कुणी मागायच्या आधी गुंडाळायचं. मला वाटायचं, माझ्यासारखी समजूतदार दुकानदार तालुक्यात दुसरी नसेल.

"मला अवघड वाटतच नव्हतं," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "डॉक्टरनी दोन गोळ्या लिहून दिल्या. एक रक्ताची, एक काळजीची. मला दोन्ही सारख्याच वाटल्या. तुमच्याकडं आलो. तुम्ही चिठ्ठी वाचली, माझ्याकडं बघितलं आणि कागद घेतला. तवा मला कळलं, हिच्यात लपवण्यासारखं काहीतरी हाय."

मी माझ्या हातातल्या पुडीकडे बघितलं.

"मग मी बी लपवली. घरी मालकिणीला सांगितलं न्हाई. गाडीच्या टूलबॉक्समध्ये ठेवायचो. सहा महिन्यांनी तिला पुडी घावली. तिला वाटलं, कसलं व्यसन लागलंय. लेकरांसमोर भांडण झालं. त्या रागात मी एका दिवसात गोळी सोडून दिली. पुढच्या पंधरा दिवसांत काय हाल झाले ते इचारू नका. चक्कर काय, घाम काय. दसऱ्याला गाडीची पूजा केली आणि गाडीत बसता येईना. तीन महिने धंदा बंद होता, तुम्हाला आठवत असंल."

आठवत होतं. मास्तर गावाला गेलेत, असं मी ऐकलं होतं. त्या तीन महिन्यांत ते दुकानात आले नाहीत, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. जी गोळी तीन महिने चुकली तिच्यामागे मी स्कूटी काढली नव्हती.

"तुम्ही मला तेव्हाच का नाही बोललात?"

"काय बोलायचं? तुम्ही चांगल्या मनानंच केलं. आज बी सांगितलं नसतं. पण ही तुमची पुडी बघितली आणि वाटलं, आता हिच्यापायी तुमचं बी दुकान बंद पडणार."

"मास्तर!" मैदानातून हाक आली. मारुती आमच्यापासून दहा हातांवर उभी होती, सरळ, न हिसकता. निळ्या साडीतल्या बाईंनी खिडकीतून तोंड काढलं होतं. घामाने कुंकू ओघळलं होतं, पण चेहरा असा फुलला होता की काही विचारू नका. "माझी मीच थांबवली!"

"बघितलं की!" मास्तर म्हणाले. त्यांनी बघितलं नव्हतं.

मी स्कूटी वळवली. आठ महिने मी गावभर माझी चूक शोधत फिरत होते. ती मला सापडली होती, आणि ती गोळ्यांच्या आकड्यात नव्हती. मला मास्तरांसमोर लाज वाटली, मग स्वतःची वाटली, आणि मग एकेक चेहरे आठवत गेले. कुलकर्णी गुरुजी, बेकरीतली सलमा, तालमीत जाणारा तो मोठ्या अंगाचा मुलगा. किती जणांना मी कागद गुंडाळून दिला होता!

पाच वाजता दुकान उघडलं. उद्धव शाळेतून परस्पर आले, तेव्हा मी काउंटरवर पाण्याचा पेला घेऊन उभी होते. फोनशेजारी गोळ्यांची पट्टी होती. एक घर रिकामं होतं.

"हे काय?" त्यांनी विचारलं.

"काळजीच्या आजाराची गोळी आहे. डॉक्टरांनी लिहून दिलीय. अकरा दिवस तुमच्यापासून लपवली होती."

ते पट्टीकडे बघत राहिले. मी बर्वे मॅडमकडे जाते हे त्यांना माहीत होतं. गोळीचं नव्हतं. "म्हणजे बोलण्याचा उपयोग नाही झाला?"

"होईल. हिच्याबरोबर होईल."

"आणि उद्याचा अर्ज?"

"उद्या नको. चार आठवडे थांबू. हिला तेवढे लागतात."

ते भूगोलाचे शिक्षक, जास्त बोलणारे नव्हेत. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्याजवळ बसले आणि पट्टीवरची बारीक अक्षरं वाचायला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "सकाळची का रात्रीची? मी आठवण करत जाईन."

पहिले नऊ दिवस मला मळमळ झाली. दोनदा मी स्कूटीची किल्ली हातात घेतली आणि एकदा पार नाक्यापर्यंत जाऊन आले. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चहा होईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही की पोटात खड्डा पडलेला नाही. मग मी वही उघडली, आणि ती खरोखर लिहिता आली. 'पाटीलकाकांना पन्नासची गेली असेल.' पुरावा: काही नाही. अर्धा तास घड्याळाकडे बघत बसले. फार अवघड गेला तो अर्धा तास, पण गेला. बर्वे मॅडमना वही दाखवली तर त्यांनी ती कितीतरी वेळ मिटली नाही. गोळी मी दीड वर्षाने, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करत बंद केली. वही अजून आहे. वाईट दिवस अजूनही येतात, तेव्हा ती कामाला येते.

पण मला सांगायचंय ते पुढच्याच महिन्यातलं. मास्तर गोळ्या न्यायला आले. संध्याकाळची वेळ, काउंटरवर सहा-सात माणसं. मी दोन्ही पट्ट्या काढल्या. माझा हात सवयीने खणाकडे गेला, जिथे कागदाचे चौकोन असायचे. खण रिकामा होता, मीच केला होता. मी दोन्ही पट्ट्या त्यांच्यासमोर काउंटरवर ठेवल्या, शेजारी शेजारी.

मास्तरांनी त्या उचलल्या आणि शर्टाच्या खिशात टाकल्या. झिरझिरीत कापडातून दोन्ही स्पष्ट दिसत होत्या.

"काय मास्तर, तब्येत बरी न्हाई का?" मागून गॅस एजन्सीतला गायकवाड म्हणाला. "दोन-दोन गोळ्या?"

"एक बीपीची, एक काळजीची," मास्तर म्हणाले.

"काळजीची? तिची बी गोळी असती व्हय?"

"असती की. वहिनींना इचार." आणि जायला निघालेले मास्तर वळले. मोठ्या आवाजात, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं त्यांनी विचारलं, "वहिनी, तुमची आजची घेतली का?"

 उद्धव बिल लिहायचे थांबले. सहा-सात चेहरे माझ्याकडे वळले.

"घेतली," मी म्हटलं. "सकाळी, चहाबरोबर."

 गायकवाडने आपल्या खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी पुढे केली, ती मी घेतली. सगळी पांगल्यावर मात्र मागे उभी राहिलेली एक बाई पुढे आली. माझ्याच वयाची, गावातलीच, पण माझ्या दुकानात कधी न आलेली. तिने हातातली चिठ्ठी काउंटरवर पसरून ठेवली.

"ही पण तीच हाय का?" तिने विचारलं. "मी दर महिन्याला बारामतीला जाऊन आणते."